कुठला मुलूख घेतोस?

गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. नुकताच मॅट्रिक झालेला, हातात कागदांची गुंडाळी. मॅट्रिक झालेला मुलगा कागद घेऊन माझ्या दारात आला म्हणजे तो कॉलेजाबद्दल सल्ला घ्यायलाच आला, असं मी धरून चालतो. आजवर कुणी आलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. मी त्याला खुर्चीवर बसवलं. पाली घेतली तर काय, फ्रेंच घेतली तर काय, हे सांगितलं. फारसी घेतली तर माणसाचं पुढे काय होतं, याचं उदाहरण म्हणून स्वतःकडे बोट दाखवलं. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत बोललो. मुलगा सभ्य, मान डोलवत राहिला. शेवटी मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाला, "काका, आईनं शिडी मागितलीय. कौलं गळतात." गुंडाळीत वाण्याकडचा हिंग होता.

आतून बायकोच्या बांगड्यांचा आणि हसू दाबल्याचा आवाज आला. मी शिडी काढून दिली.

ही सल्ला देण्याची खोड मला ज्यांच्यापासून लागली ते लोणावळ्याचे मास्तर. त्यांचं नाव मावळात फारसं कुणी घेत नसे. नुसतं मास्तर म्हटलं की तेच. उंच, किंचित पुढे झुकलेले, डोक्याला रुमाल, आणि बारा महिने काखेत छत्री. उन्हाळ्यात छत्री कशाला, असं विचारलं की म्हणत, "मी लोणावळ्यात राहतो. इथल्या आभाळावर मी विश्वास टाकलेला नाही."

शाळेतून निवृत्त झाल्यावर तुंगार्लीच्या वाटेवर मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता, तो सांभाळायला ते राहिले. शेटजींची माणसं मे महिन्यात आणि दिवाळीला येत. बाकी वर्षभर त्या सगळ्या खोल्यांत मास्तर एकटे. संध्याकाळी ते न चुकता स्टेशनावर जात. घाट चढून आलेल्या आणि घाट उतरणार असलेल्या गाड्यांची इंजिनं लोणावळ्याला बदलत, त्यामुळे गाडी बराच वेळ उभी राही. मास्तर खिडकी-खिडकीशी थांबून परक्या वाटणाऱ्या उतारूंना विचारत, "आपण कुठले? आपल्याकडे सकाळी उठल्यावर पहिलं काय करतात?" बहुतेक लोक सांगत. काही खिडकी लावून घेत. एका मद्रासी बाईंनी तर हा म्हातारा उपाशी आहे असं समजून त्यांच्या हातात केळं ठेवलं. मास्तरांनी तिचे आभार मानले, केळं तिथंच खाल्लं आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारला.

ज्येष्ठात मॅट्रिकचे निकाल लागले की आजूबाजूच्या गावांतून बाप आपल्या पोरांना घेऊन मास्तरांकडे येत. मास्तरांचा सल्ला बरोबर ठरतो अशी काही ख्याती नव्हती. त्यांच्या सल्ल्यानं फ्रेंच घेतलेला एकजण पुढे देहूरोडला गोऱ्या सोल्जरांना अंडी विकत असे. पण सल्ला फुकट असे आणि जेवण मिळे.

आमचं गाव इंदुरी. नदीकाठाला भाताची जमीन, घर खाऊनपिऊन सुखी. घरात शाळेचं तोंड बघितलेला पहिला मी. माझं लग्नही ठरलेलं होतं, जवळच्याच नवलाख उंबरे गावातल्या मुलीशी. मी बी. ए. होईपर्यंत थांबायचं, असं दोन्हीकडच्या थोरांनी ठरवून टाकलं होतं. राहता राहिला प्रश्न कॉलेजाचा. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबा म्हणाले, "मास्तरास्नी इचारू. त्यांनी जा म्हणलं तर जा. न्हाई म्हणलं तर रेल्वेच्या पार्सलात चिकटवतो तुला." पार्सल ऑफिसात आमचे एक चुलते होते. ते दिवसभर आंब्याच्या करंड्यांवर बसून करंड्यांवर खडूनं आकडे घालीत. मला पुण्याला जायचं होतं. म्हणजे माझं पुढलं सगळं आयुष्य त्या छत्रीवाल्या माणसाच्या तोंडून काय निघतं त्यावर लटकलं होतं.

आंबेमोहराची पिशवी घेऊन आम्ही बंगल्यावर पोचलो. मास्तरांनी मला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "कुठला मुलूख घेतोस?"

मला काही कळेना. आबा मदतीला धावले. "मुलूख आमचा इंदुरीतला हाय की मास्तर. नदीकाठचा. अजून कशाला घ्यायचा?"

"तो आहेच हो आबा. मी कॉलेजातला विचारतोय."

मग मास्तरांनी आपलं म्हणणं सांगितलं. कॉलेजात इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा घ्यावी लागे. लोक म्हणत, भाषा घेतली. मास्तर म्हणत, भाषा कुणी घेत नाही, माणूस मुलूख घेतो. फारसी म्हणजे इराण. पाली म्हणजे सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश. फ्रेंच म्हणजे फ्रान्स. संस्कृतला मात्र ते मुलूख म्हणायला तयार नसत. "तो देश नव्हे, तो काळ आहे. तिकडे गेलेला माणूस पत्ता ठेवून जात नाही."

आबांनी व्यवहाराचं विचारलं. "सस्त्यात कंचा पडतो?"

"फी सगळ्यांची सारखीच. फीवरून तुलना करणं म्हणजे दुकानात जाऊन पिशव्या बघणं. किंमत म्हणजे तिकडे जाताना आपलं काय काय मागे राहतं ते. आणि मोल म्हणजे परत येताना हातात काय असतं ते. ही दोन्ही जोखायची, मग घ्यायचं."

"आन् ते जोखायचं कसं?"

"राहून," मास्तर म्हणाले. "आंबा घेताना फोड खाऊन बघता ना? पोराला ठेवा इथं."

आबा मला ठेवून गेले. आणि मी मुलूख चाखायला लागलो.

मास्तरांनी बंगल्याची वाटणी करून टाकली होती. मागची, स्वयंपाकघराजवळची खोली म्हणजे सिंहलद्वीप. दिवाणखाना म्हणजे फ्रान्स. पुढला व्हरांडा इराण. पहिल्यांदा मला सिंहलद्वीपात टाकलं. तिथले भिक्खू दुपार व्हायच्या आत एकदा जेवतात आणि मग दुसऱ्या दिवशीपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. मी शेतकऱ्याचं पोर. दुपारी जेवणं ही माझ्या दृष्टीनं संध्याकाळच्या जेवणाची तयारी होती. पहिल्याच संध्याकाळी मी स्टेशनाकडे पळालो आणि भज्यांचा पुडा घेऊन पुलाखाली उभा राहून खाल्ला. परत आलो तर मास्तर दारात. त्यांनी नुसता वास घेतला आणि म्हणाले, "सिंहल तुला महाग पडतंय."

फ्रान्स त्याहून कठीण निघालं. मास्तर शेटजींचा एक जुना कोट चढवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसत. जेवायला वरणभातच असे, त्यात काही फ्रान्स नव्हतं. पण जेवून झाल्यावर उठायचं नाही, हा तिथला कायदा. बसायचं आणि बोलायचं. आमच्या घरी जेवताना कुणी बोलत नसे आणि जेवण झालं की ताट उचलून माणूस कामाला जाई. मी हात वाळवत बसून राही. मास्तर म्हणत, "बोल."

"काय बोलू?"

"आजचं वरण कसं होतं?"

"बरं होतं."

"फ्रान्सात एवढ्यानं भागत नाही. बरं म्हणजे कसं? कुणासारखं? तुझ्या आईच्या वरणापेक्षा काय कमी?"

पहिल्या दिवशी मला घाम फुटला. पण हळूहळू बोललो. आईच्या वरणात आमसूल असतं इथून सुरू झालो ते नदीला पूर आला की आमच्या खळ्यापर्यंत पाणी कसं येतं तिथपर्यंत पोचलो. मास्तर ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बघ, तू इंदुरीहून काय काय घेऊन आला होतास, हे तुलाच ठाऊक नव्हतं."

मग इराण. व्हरांड्यात सतरंजी टाकलेली, बिनदुधाचा चहा, आणि स्टेशनासमोरच्या इराण्याकडचा पाव आणि मस्का. इराणात पाऊस पडत नाही, असं मास्तर मला सांगत होते तेव्हा पन्हाळीतून पाणी माझ्या पाठीवर येत होतं. "तेवढं सोडून दे," म्हणाले. संध्याकाळी ते मला त्या इराण्याकडे घेऊन गेले आणि त्याला म्हणाले, "हा मुलगा तुमचा मुलूख घ्यावा म्हणतो. कसा आहे?"

इराण्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "इतना अच्छा होता तो मैं इधर पाव कायकू बेचता?"

तरी मी इराणच घ्यायचं ठरवलं. पेशवाईतले कागद फारसीशिवाय नीट उलगडत नाहीत, असं कारण मी मास्तरांना दिलं. खरं कारण मस्का होता.

मास्तरांना कारण पटलेलं दिसलं नाही, पण ते हसले. स्वतः मास्तर फारसीच शिकले होते, तरुणपणी, हैद्राबादेस राहून. त्या दुपारी व्हरांड्यात बसून त्यांनी मला त्याची हकीकत सांगितली. एवढीशीच, पण पुढे पुष्कळ वर्षं मला ती पुरली. ते कुणाला स्वतःबद्दल सांगत नसत आणि मीही विचारलं नव्हतं.

"माझ्यासाठी एक मुलगी थांबली होती," ते म्हणाले. "घरच्यांनी ठरवलं, हा शिकून येईपर्यंत थांबायचं. चार वर्षं थांबली. तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. आणि मी परत यायच्या आत प्लेगात गेली."

मी हातातला पाव खाली ठेवला.

"मी इथं असतो तरी गेली असती, हे मला कळतं. पण चार वर्षं नांदली असती." मग त्यांनी चहाची बशी उपडी करून ठेवली आणि अगदी शाळेतल्या आवाजात विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण आहे?"

मी सांगितलं. आई, आबा, दोन भाऊ. आणि उगाच लाजत, नवलाख उंबऱ्याचं ठरलेलंही सांगितलं. ते लोक थांबायला तयार आहेत, हेही मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"ते लोक म्हणजे कोण?"

"तिचे वडील. चुलते."

"आणि ती?"

"तिला काय विचारायचं?"

मास्तर उठले. छत्री घेतली. "चार वर्षांची किंमत जिनं द्यायची तिला विचारल्याशिवाय मी तुला कुठलाच मुलूख देत नाही," म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं तळेगावला गेले.

पुढचं मला नंतर कळलं, आणि ते सांगणाऱ्यांत सगळ्यात जोरात माझे सासरे, भाऊ, असत. तळेगावाहून चिखल तुडवत मास्तर नवलाख उंबऱ्यात पोचले. गुडघ्यापर्यंत माखलेला, रुमाल गळणारा माणूस दारात उभा राहून म्हणाला, "भाऊ, तुमच्या मुलीशी मला दोन शब्द बोलायचेत."

"पोरीला इचारायची आमच्यात रीत न्हाई, मास्तर."

"कॉलेजात जायची तरी रीत कुठं होती?"

मास्तर ओसरीवर बसून राहिले. अंधार पडायच्या आत हा माणूस हलला तर बरं, असा विचार करून शेवटी मुलीच्या आईनं तिला बाहेर आणलं. तर मास्तरांची पुढची अट, की दोघंच बोलणार. बाकीच्यांनी ऐकू येणार नाही इतक्या लांब जावं. बाहेर पाऊस. लांब जायला जागा एकच.

"सोताच्या घरात मला गोठ्यात उभा केला!" भाऊ हे पुढे प्रत्येक लग्नाकार्यात सांगत. "म्हशीच्या शेजारी! ती बी माज्याकडं बगाय लागली!"

बोलणं फार वेळ चाललं नाही. मास्तर उठले, कुणाशी काही न बोलता निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुरीला आमच्या दारात हजर. आबांना त्यांनी निकाल सांगितला. पोरानं फारसी घ्यावी. पण आधी लग्न. ज्येष्ठ संपायच्या आत. आणि पुण्याला खोली करून बायकोला बरोबर न्यावं.

आबा खवळले. "लेकरू शिकाया जातंय का संसार थाटाया?"

"दोन्ही एकाच भाड्यात होतं, आबा."

तिकडे भाऊंनी निरोप धाडला, की ज्या घराला असली माणसं सल्ला देतात त्या घरात आमची पोर द्यायची नाही, सोयरीक मोडली. आबांनी उलट निरोप दिला, की मोडली तर मोडली, आणि कॉलेजही नको. पोरगं पार्सलात जाईल. मी लोणावळ्याहून परत आलो तेव्हा कॉलेजही गेलं होतं आणि मुलगीही. मी गोठ्यामागे जाऊन बसलो. खरं सांगायचं तर कॉलेजापेक्षा मुलीचं जास्त वाईट वाटलं, आणि हे मला तोवर ठाऊक नव्हतं, कारण मलाही तोवर कुणी विचारलं नव्हतं.

मास्तरांनी काय केलं? दोन्ही बापांना जेवायला बोलावलं. वेगवेगळं. एकाच दिवशी, एकाच वेळेला. दोघंही भांडायच्या तयारीनंच गेले. दिवाणखान्यात एकमेकांना पाहिल्यावर दोघांनाही परत फिरता येईना, कारण पान वाढलेलं होतं आणि वाढल्या पानावरून उठायचं म्हणजे मोठाच अपमान. जेवले. मुकाट्यानं. संपवून उठायला लागले, तर कोट चढवून बसलेले मास्तर म्हणाले, "बसा. या खोलीत जेवून लगेच उठायचं नसतं."

"का?"

"फ्रान्स आहे."

मी तिथं नव्हतो, पण आबांनी पुढे ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असे. "त्यानं उटूच दिलं न्हाई. हात वाळले, तरी न्हाई. मंग भाऊ म्हनला, वरान बरं हुतं. मी म्हनलं, व्हय, जरा पातळ हुतं. मंग तो म्हनला, तुमच्याकडं नदीचं पानी, त्यानं डाळ शिजती. मंग आमी डाळीवर बोललो. डाळीवरनं बैलांवर गेलो. बसल्या बसल्या किती भांडनार मानूस?"

दोघं बाहेर पडले तेव्हा ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त धरलेला होता. भाऊ फक्त एवढंच म्हणाले, "पन गोठ्याचं मी इसरनार न्हाई." आणि विसरले नाहीत.

आम्ही पुण्याला खोली केली. बायको सकाळी माझा डबा भरी आणि संध्याकाळी, आज काय शिकलात, म्हणून विचारी. मी ऐटीत तिला अलीफ, बे, पे म्हणून दाखवी, ती पोळ्या लाटता लाटता ऐके आणि मधेच म्हणे, "ह्ये सगळं उलटं लिहायचं? तुमी तर सुलटं लिहितानाबी चुकता." मी पास झालो, कसाबसा. फारसीचं मोल काय झालं, म्हणाल तर तळेगावच्या शाळेत मास्तर झालो आणि वर्षातून एखादा माणूस जुनी सनद घेऊन येतो. ती बहुधा फारसीत नसते, मोडी लिपीत असते. एकदा लोणावळ्याच्या त्या इराण्याशी मी फारसीत बोललो होतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाय पियेगा के पानी?"

मास्तरांना आम्ही वरचेवर भेटत असू. बायको आली की ते तिला दिवाणखान्यात बसवत आणि मला व्हरांड्यात चहा करायला लावत. त्या दोघांचं बोलणं बरंच चाले. पण त्या दिवशी भाऊ गोठ्यात उभे असताना ती काय बोलली, हे दोघांपैकी कुणी मला कधी सांगितलं नाही. मी खूप विचारलं. मग विचारायचं सोडलं आणि स्वतःच ठरवून टाकलं. पोरं झाल्यावर मी त्यांना रंगवून सांगत असे, की तुमची आई मास्तरांना बाणेदारपणे म्हणाली, चार काय, चौदा वर्षं थांबेन. पोरांना ते फार आवडे. ती त्या वेळी उठून आत जाई. मला वाटे, लाजली.

मास्तर गेले ते दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या पावसाळ्यात. खबर तळेगावला आली तेव्हा आम्ही दोघं लोणावळ्याला गेलो. बंगल्यात शेटजींचा माणूस आलेला होता, खोल्या बंद करत होता. बोलण्यासारखं काही नव्हतं. स्टेशनावर आलो तर गाडी उभी होती, इंजिन लागायचं होतं. ती खिडकीशी बसली. मी समोर.

"आता तरी सांग," मी म्हटलं. "थांबेन म्हणालीस ना?"

"मी काय थांबीन म्हणाले न्हाई."

"मग? नाही थांबणार म्हणालीस?"

"त्ये बी न्हाई. त्यांनी इचारलं, चार वर्सं थांबशील का? मी आपलं सादं इचारलं, थांबायचं म्हंजी रोज काय करायचं असतं? डोळं भरलं त्यांचं. म्हणून त्ये हुते तवर कुनाला बोलले न्हाई मी. मंग छत्री उचलली आन् म्हणाले, 'मला नाही माहीत, पोरी. तू नको थांबूस.'"